पगारात धरलेला विमा

पुण्यात असताना फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्या ऑफिसात नुसती झुंबड. मी एका सीए फर्ममध्ये होते. वर्षभर कराचा विचारही न करणारी माणसं मार्च जवळ आला की धापा टाकत जिना चढून यायची आणि म्हणायची, "मॅडम, काहीतरी करा, टॅक्स वाचवा." माझं उत्तर ठरलेलं असे. मेडिक्लेम घ्या. घरच्यांचाही घ्या. ऐंशी-डी कलमाखाली हप्त्याची वजावट मिळेल. आरोग्याचा विमा घेतला की कर कमी होतो, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की जगात सगळीकडे असंच असतं असं मी धरून चालले होते. त्याचं मला फार कौतुकही होतं, म्हणजे माझं मलाच.

दोन हजार सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही लीड्सला आलो. नवरा भूलतज्ज्ञ. तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्याचं ट्रेनिंग सुरू झालं आणि काही महिन्यांनी मला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी मिळाली. कंपनीत पुण्या-नागपूरची मुलं बरीच होती, सगळी वर्क परमिटवर आलेली. रुजू होताना कंपनी सगळ्यांना खासगी आरोग्य विमा देत असे, हवा असेल तर कुटुंबासकट. हप्ता कंपनी भरणार. आपल्या माणसाला अशा वेळी 'नको' म्हणता येत नाही. सगळ्यांनी कुटुंबासकट घेतला. नागपूरच्या एकाने तर आई-वडील, सासू-सासरे अशी सगळी नावं लिहून दिली. एचआरच्या बाईंना 'फॅमिली' म्हणजे इथे बायको आणि मुलं एवढंच, हे त्याला समजावून सांगावं लागलं. तो बिचारा खरोखर हिरमुसला.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना गोळा करून ज्ञान दिलं. म्हटलं, "अरे, नुसता विमा घेऊन बसू नका. टॅक्स ऑफिसला कळवा. हेल्थ प्रीमियम आहे, रिलीफ मिळणार." कोणीतरी शंका काढली की हप्ता तर कंपनी भरतेय, आपण नाही. मी त्याला उडवून लावलं. कंपनी भरते म्हणजे शेवटी आपल्याच नावावर भरते, तू पत्र लिही, हिशेब माझ्यावर सोड, असं काहीतरी म्हणाले. मग मीच एक झकास मसुदा करून दिला आणि तो सगळ्यांनी आपापल्या सहीने पाठवला.

काही महिन्यांनी सगळ्यांचे नवे टॅक्स कोड आले. तिकडे प्रत्येकाच्या पगाराचा काही भाग करमुक्त असतो आणि तो किती, हे या कोडवरून ठरतं. आमचा तो भाग वाढला नव्हता, उलट कमी झाला होता. हातात येणारा पगार घटला. मला वाटलं, कारकुनाची चूक. तावातावाने टॅक्स ऑफिसला फोन लावला. पलीकडे यॉर्कशरची एक बाई होती, आवाजावरून माझ्या आईच्या वयाची असावी. माझं सगळं भाषण तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिथल्या बायकांच्या मायेच्या सवयीने म्हणाली, "लव्ह, तुमची कंपनी तुमच्यासाठी हे पैसे भरते ना? मग तो पगारच झाला. पगारावर टॅक्स लागतो."

मी म्हटलं, "पण हा आरोग्याचा विमा आहे."

"हो ना. कंपनीची गाडी असती तरी हेच म्हटलं असतं," ती म्हणाली. वर विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी जी काही थट्टा झाली ती विचारू नका. "मॅडम, तुमच्या कन्सल्टेशनची फी किती?" "मॅडम, अजून एक पॉलिसी घेऊ का, म्हणजे पगार पूर्णच बंद होईल?" मी चांगलीच तोंडघशी पडले होते. पण त्या बाईचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. आपल्याकडे सरकार म्हणतं, तुझ्या आजारपणाचं आम्ही काही बघू शकत नाही, तू तुझं बघतेयस ना, शाब्बास, घे थोडी सूट. इथलं सरकार म्हणतं, तुझ्या आजारपणाचं आम्ही सगळं बघतोय, तरी तुला वेगळं काही हवंय? मग ती चैन आहे, चैनीचा कर दे. दोन्ही सरकारं आपापल्या जागी प्रामाणिक होती. गाढवपणा माझा होता, मी एकाचा न्याय दुसऱ्याकडे मागायला गेले होते.

वर्षातून एकदा कंपनी विचारायची, विमा ठेवायचा की सोडायचा. त्या वर्षी आमच्यातल्या बाकी एकूण एकाने सोडला. घरी नवराही म्हणाला, "सोडून दे ना. सगळं फ्री आहे इथे. मी त्याच हॉस्पिटलमध्ये काम करतो. उगाच कशाला टॅक्स भरतेस?"

मी सोडला नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नव्हतं. सगळे हसले होते, म्हणून. टॅक्स भरतेय ना, मग ती वस्तू माझी, आणि माझी वस्तू मी टाकणार नाही. माझा स्वभावच असा आहे. आईसुद्धा म्हणायची, हिला 'नको' म्हणायला सांगा, ही दोन वाढून घेईल.

मग मला दिवस राहिले आणि त्याच काळात कधीतरी कान जायला लागले. एकदम काही झालं नाही. मीटिंगमध्ये मी खुर्ची बदलून बसायला लागले. फोन डाव्या कानाऐवजी उजव्या कानाला, मग उजवाही पुरेना. मुलगी झाली. झोप नाही, थकवा आहे, म्हणून लक्ष लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ऑफिसात लोक बोलले की मी हसून मान डोलवायची. एकदा साहेबांनी कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाबद्दल सांगितलं आणि मी तशीच हसून मान डोलावली. त्या दिवशी मात्र मी सरळ जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे गेले.

तिथून हॉस्पिटल, तिथून तपासण्या. कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते हललं तरच आवाज पुढे जातो. माझं दोन्ही कानांतलं ते हाड घट्ट होत चाललं होतं. हे कधी कधी गरोदरपणात वाढतं म्हणे. ऑपरेशन करून त्या हाडाच्या जागी बारीकसा तुकडा बसवतात. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं, क्वचित कुणाचा तो कान कायमचा बंद होतो. एका वेळी एकच कान करतात. माझं नाव यादीत घातलं. नंबर कधी लागेल असं विचारलं तर तिथली मुलगी ओशाळून म्हणाली, पुढच्या वर्षीचं बघू या. तोवर त्यांनी कानात घालायचं मशीन दिलं, तेही फुकट आणि चांगलं. मी ते मनापासून वापरून पाहिलं. ताटल्यांचा आवाज अंगावर यायचा आणि माणसांचा मात्र कुठेतरी मागे राहायचा. मुलगी कडेवर आली की पहिल्यांदा ते मशीन ओढून काढायची.

मी वाट बघायला तयार होते. खरंच होते. सरकारी हॉस्पिटलबद्दल माझी काही तक्रार नव्हती, माझी मुलगी तिथेच झाली होती आणि माझ्या घरातला पगार तिथूनच येत होता.

मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा तिच्या नर्सरीतली बाई मला म्हणाली, तुमची मुलगी काय गोड बडबडी आहे, दिवसभर तोंड बंद नसतं. मी हसून मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र विचार करत राहिले. बडबडी? घरी तर ती फारशी बोलत नाही. मला वाटत होतं, घरी मराठी, बाहेर इंग्रजी, म्हणून बोलायला उशीर होत असेल.

त्या शनिवारी मी दुकानातून लवकर परत आले. बाप-लेक बैठकीत जमिनीवर बसले होते, काचेच्या दारातून दोघं दिसत होते. मुलीचं तोंड चालू होतं. हातवारे, मान वाकडी, मध्येच हसणं, परत सुरू. तिचा बाप उत्तरं देत होता, म्हणजे तिला नीट वाक्यं येत होती. मी दार उघडून आत गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं. उठून माझ्याजवळ आली, माझा कुडता ओढला, स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मग तोंडाकडे बोट नेलं. भूक लागली आहे.

मी तिला म्हटलं, "बोल ना, आईला सांग."

तिने पुन्हा तसंच केलं, जरा सावकाश, समजावून सांगितल्यासारखं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा नव्हता. आईशी असं बोलायचं असतं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. एवढ्याशा पोरीने माझी सोय करून ठेवली होती.

मी तिला वरण-भात भरवला. मग न्हाणीघरात जाऊन रडले. डोळे धुतले आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले, "मी विमा वापरणार."

त्याला लगेच कळलं नाही. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"तुला ठाऊक आहे ते ऑपरेशन कोण करतो," तो म्हणाला. ठाऊक होतं. लीड्समध्ये कानाचं हे काम करणारा जो नावाजलेला सर्जन होता, तो एरवी नवऱ्याच्याच हॉस्पिटलात असायचा आणि गुरुवारी गावाबाहेरच्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनं करायचा. "आमच्याकडच्या त्याच्या ऑपरेशनांना मी भूल देतो. पेशंट्स येतात, वर्षभर थांबलेले. त्यातली एक म्हातारी मला मागच्या आठवड्यात म्हणाली, डॉक्टर, नातवाचं लग्न झालं, मला काही ऐकू आलं नाही. आणि माझी बायको क्यू जंप करणार? उद्या मी थिएटरमध्ये कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"मी कुणाची जागा घेत नाहीये. मी यादीतून नाव काढतेय, एक जागा रिकामी होतेय."

"तो सर्जन तोच आहे. त्याचा वेळ तेवढाच आहे. डोंट डू अकाउंटिंग विथ मी."

हे त्याचं खरं होतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. "मग ऐक," मी म्हटलं, आणि बहुधा ओरडूनच म्हटलं असेल, कारण माझा आवाज किती चढतो ते मला तेव्हा कळत नसे. "या देशाचं टॅक्स ऑफिस म्हणतं हा माझा पगार आहे. मी त्यावर दर महिन्याला टॅक्स भरलाय. सगळे सोडून गेले तेव्हा भरला, तू सोड म्हणालास तेव्हा भरला. पगार आहे ना? मग मी तो खर्च करणार. तुझा पगार तू कशावर खर्च करतोस ते मी विचारलंय कधी?"

तो उठला. मग माझ्या समोर येऊन, ओठ दिसतील असा बसून, सावकाश म्हणाला, "ते छोटं हॉस्पिटल आहे. काही झालं तर तिथे आयसीयू नाही. आणि कान डेड झाला तर? मी पाहिलंय एकदा. त्या बाईला भूल मीच दिली होती. उठल्यावर ती विचारत होती, पट्टी कधी काढणार, पट्टी कधी काढणार. मला भीती वाटते गं."

मलाही वाटत होती. ते मी त्याला सांगितलं. पण तुझ्या हॉस्पिटलात वर्षभराने कान गेला काय आणि इथे पुढच्या महिन्यात गेला काय, धोका तोच आहे, असंही सांगितलं. "पुढच्या वर्षी ती साडेतीन वर्षांची असेल. तोवर तिला माझ्याशी बोलायची गरजच उरणार नाही. मी थांबणार नाही."

"मी तिथे येणार नाही," तो म्हणाला.

"येऊ नकोस."

जीपीची चिठ्ठी घेतली, विमावाल्यांना फोन करायला शेजारणीला बसवलं, गुरुवार ठरला. सकाळी मी टॅक्सीने एकटी गेले. नवऱ्याने रजा काढली होती, मुलीला सांभाळायला म्हणून. दारात त्याने माझ्या पिशवीतलं सामान दोनदा तपासलं आणि काल किती वाजता जेवलीस ते विचारलं.

खासगी हॉस्पिटल म्हणजे एखाद्या बऱ्या हॉटेलसारखं होतं, जेवणाचं मेनूकार्ड वगैरे. मला त्याची लाज वाटली, पण मी परत फिरले नाही. भूल द्यायला नवऱ्याचे वरिष्ठ आले. सुई टोचता टोचता ते माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने आणि स्पष्ट म्हणाले, "तुमचा नवरा खाली कार पार्कमध्ये बसला आहे. मुलगी मागच्या सीटवर वेफर्स खातेय. मी काच वाजवली तर तो नकाशा बघण्याचं नाटक करायला लागला."

"आत या म्हणावं त्याला," मी म्हटलं.

"म्हटलं. तो म्हणाला, 'मी इथे नाहीच आहे.'"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी झोपले.

पुढचे काही दिवस वाईट गेले. मान हलवली की खोली फिरायची. जिभेवर सतत पितळेची चव. नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, म्हणजे मुलीलाही नाही. कानात बोळा होता, त्यामुळे ऐकू येतंय की नाही ते कळायला मार्ग नव्हता. नवरा स्वयंपाक करायचा, वाद अजिबात काढायचा नाही. रोज सकाळी माझ्या कानाकडे बघायचा आणि ड्यूटीवर जायचा. मी मनाशी पक्कं केलं होतं. कान गेला तरी रडायचं नाही, आणि त्याला 'मी सांगितलं होतं' म्हणायची संधी तर मुळीच द्यायची नाही.

बोळा सर्जननेच काढला. काहीतरी खरखरलं आणि मागून खोलीतल्या घड्याळाची टिकटिक आली. मी घड्याळाकडे वळून पाहिलं. सर्जन म्हणाला, "गुड." तेवढंच.

घरी येताना बसमध्ये मी फक्त ऐकत होते. एवढे आवाज करत जगतात माणसं, हे मी विसरूनच गेले होते. कुणाची पिशवी चुरचुरत होती, मागच्या बाकावर दोन पोरी एका मुलाची चुगली करत होत्या, आणि ती मी पूर्ण ऐकली.

मुलीला मात्र काही सांगून उपयोग नव्हता. "आईचा कान बरा झाला, आता बोल," असं आम्ही दोघांनी तिला सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि परत माझा कुडता ओढून बोटं दाखवायची. तिच्या दृष्टीने बसलेली घडी तिने का मोडावी? पण मीही हट्टाला पेटले. ती कुडता ओढायची, मी वळायची नाही. ती आणखी ओढायची. मग पाय आपटत बापाकडे जायची आणि त्याच्यामार्फत वस्तू मिळवायची. नवरा म्हणाला, "अगं, लहान आहे ती, दे ना." मी म्हटलं, "नाही. तिने मागितल्याशिवाय काही मिळणार नाही." मला ते सोपं जात होतं असं नाही. ती कुडता सोडून निघून गेली की मी वळून तिच्या पाठीकडे बघत राहायची.

एका रविवारी दुपारी मी ओट्याशी भाजी चिरत होते. पाठीमागे टेबलाशी ती दोघं चित्रं रंगवत होती. तिने येऊन कुडता ओढला. मी चिरत राहिले. ती थोडा वेळ थांबली, मग परत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बापाच्या मांडीवर चढून तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं असावं, कारण मला आलं ते अगदी बारीक, श्वासाएवढं.

"बाबा, आईला सांग, मला दूध पाहिजे. गरम नको."

मी वळले नाही. सुरी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "साखर घालू का त्यात?"

 मागून कुजबुज, आता आणखी हळू, "बाबा, तू सांगितलंस?"

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता, तेही मला ऐकू आलं.

"नाही सांगितलं त्याने," मी म्हटलं. "तूच सांगितलंस."

ती मांडीवरून उतरली. माझ्याजवळ आली, पण कुडता धरला नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "आई."

"काय गं?"

आणि मग बराच वेळ तिला पुढे काय बोलायचं तेच सुचेना.